सापेरावीचा रंग, तिची आम्लता आणि काखेतीचे खोरे

दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदारांनी चार प्रश्न विचारले आहेत. त्यांचा भाचा तिब्लिसीला वैद्यकीय शिक्षण घेतो. सुट्टीत येताना त्याने जॉर्जियातील ‘सापेरावी’ या द्राक्षाच्या वाईनची बाटली आणली. ती पेल्यात ओतली तेव्हा जांभळाच्या रसासारखी गडद दिसली, काचेवर तिचा रंग चढून राहिला आणि चवीला ती आपल्याकडच्या शिराझ या लाल वाईनपेक्षा चांगलीच आंबट लागली. या वाईनमध्ये बाहेरून रंग मिसळतात का, तो आंबटपणा दोष मानावा की गुण, हे द्राक्ष जॉर्जियातच इतके चांगले का येते, आणि आपल्याकडे दोन एकरांवर ते लावून पाहावे का, असे ते प्रश्न आहेत. मी गेली २२ वर्षे नाशिक परिसरात वाईन तयार करण्याचे काम करीत आहे आणि त्यांपैकी दोन हंगाम जॉर्जियाच्या काखेती प्रांतात तोडणीच्या दिवसांत राहून आलो आहे. त्यामुळे दोन्हीकडच्या बागा डोळ्यांसमोर ठेवून उत्तर देतो. हे चार प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि माझ्या मते त्यांची गाठ एकाच ठिकाणी आहे. सापेरावीचे नाव रंगामुळे झाले असले, तरी तिचे खरे धन तिची आम्लता आहे, आणि ती आम्लता टिकवून धरणारा शरद ऋतू काखेतीला लाभला आहे.

प्रथम रंगाविषयी. ‘सापेरावी’ या जॉर्जियन शब्दाचा अर्थच ‘रंग देणारी’ असा आहे. रोमन लिपीत हे नाव ‘प’ने लिहिले जात असले, तरी जॉर्जियन माणसाच्या तोंडून ते ऐकताना मला त्यात आपल्या ‘फळ’मधला ‘फ’ ऐकू आला. बहुतेक काळ्या द्राक्षांमध्ये रंग फक्त सालीत असतो. शिराझचा किंवा कॅबरने सोव्हिन्यॉंचा मणी सोलून पाहिला तर आतला गर फिकट, जवळजवळ पांढरा दिसतो, आणि आंबवताना साली रसात भिजत राहिल्या तरच वाईन लाल होते. सापेरावीचा पिकलेला मणी बोटांनी दाबला, तर रसच गुलाबी निघतो. अशा द्राक्षांना फ्रेंच भाषेत ‘तेंत्युरिए’ म्हणजे रंगारी म्हणतात. आपल्या बागायतदारांना हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा नवरंग’ ही जात रंगीत रसाची आहे, आणि तिचा फ्लेम सीडलेसशी संकर करून पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने तयार केलेली ‘मांजरी मेडिका’ ही रसासाठीची जातही त्याच गुणासाठी ओळखली जाते. मात्र सापेरावीचा गर गुलाबी असला तरी तिच्या रंगाचा मोठा भाग इतर द्राक्षांप्रमाणे सालीतच असतो, हे लक्षात ठेवावे. गरातला रंग ही वरची भर आहे. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, चांगल्या उत्पादकाच्या सापेरावीमध्ये बाहेरून रंग घालण्याचे काही कारणच नसते. तिथे लाल वाईनला लाल म्हणतही नाहीत. ‘शावी ग्वीनो’ म्हणजे काळी वाईन असे म्हणतात, आणि सापेरावीचा पहिला पेला पाहिल्यावर तो शब्द मनोमन पटतो.

जगात रंगीत गराची द्राक्षे इतरही आहेत. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात आंरी बूशे यांनी संकर करून काढलेली ‘आलिकांते बूशे’ ही त्यांपैकी सर्वाधिक पसरलेली. परंतु या जातींचा वापर बहुधा दुसऱ्या फिक्या वाईनला रंग देण्यासाठी झाला. केवळ एकाच जातीची वाईन करून, ती वर्षानुवर्षे मुरवून, आदराने प्यावी असा मान रंगारी द्राक्षांमध्ये फार थोड्यांना मिळाला, आणि त्यांत सापेरावी अग्रभागी आहे. पोर्तुगालच्या आलेंतेझू प्रांताने आलिकांतेचेही सोने केले आहे, हे मान्य करूनही मी असे म्हणतो. आता हा मान केवळ गडद रंगाने मिळत नाही, कारण रंग तर सगळ्याच रंगाऱ्यांकडे असतो. सापेरावीकडे रंगासोबत आम्लता आहे. पूर्ण पिकलेल्या, भरपूर साखर चढलेल्या अवस्थेतही तिच्या रसात लिटरला सात ते नऊ ग्रॅम आम्ल सहज राहते. आपल्याकडे लाल वाईनच्या द्राक्षांत साखर हवी तेवढी चढेपर्यंत आम्लता इतकी उतरलेली असते की, वायनरीत टार्टरिक आम्ल मोजून घालणे हे आमच्या रोजच्या कामाचा भाग झाले आहे. काखेतीत पहिल्या वर्षी प्रयोगशाळेतला आकडा पाहिला तेव्हा मी नमुना पुन्हा तपासायला लावला होता.

रंग आणि आम्लता यांचा संबंध ज्यांना प्रत्यक्ष पाहायचा असेल त्यांनी गोकर्णाची निळी फुले गरम पाण्यात टाकून त्यावर लिंबू पिळावे. निळे पाणी डोळ्यांदेखत जांभळे-गुलाबी होते. गोकर्णात, जांभळात, कोकमात आणि काळ्या द्राक्षात रंग देणारी द्रव्ये एकाच कुळातली आहेत. त्यांना अँथोसायनिन म्हणतात. आम्ल जितके तीव्र, म्हणजे पीएच जितका खाली, तितकी ही द्रव्ये तेजस्वी लाल दिसतात. पीएच वर सरकला की तोच रंग निस्तेज, निळसर आणि पुढे विटकरी होऊ लागतो. त्यामुळे नुसता भरपूर रंग असून भागत नाही, तो उजळ ठेवायला आम्लता लागते. याखेरीज कमी पीएचच्या वाईनमध्ये नको असलेले जीवाणू सहजी वाढत नाहीत, आणि वाईन राखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा थोडा अंशही पुरेसे काम करतो. सापेरावी दहा-पंधरा वर्षे मुरवता येते त्याचे मोठे कारण हे आहे. म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: तो आंबटपणा सापेरावीचा कणा आहे. तो काढून टाकला, तर मागे केवळ गडद आणि तुरट पाणी उरेल.

अर्थात आंबटपणा आणि आंबूस वास या दोन भिन्न गोष्टी आहेत. बाटलीला व्हिनेगरसारखा किंवा नेलपॉलिशसारखा उग्र वास येत असेल, तर ती वाईन बिघडलेली आहे आणि त्याचे खापर द्राक्षावर फोडू नये. चांगल्या सापेरावीचा आंबटपणा जिभेच्या कडांना जाणवतो, तोंडाला पाणी सुटते, आणि मागोमाग काळ्या चेरीची, तुतीची, कधी ज्येष्ठमधाची किंवा चामड्याची छटा येते.

आता तिसऱ्या प्रश्नासाठी काखेतीकडे वळू. जॉर्जियाच्या पूर्व टोकाला असलेला हा प्रांत देशातील द्राक्षलागवडीचा फार मोठा हिस्सा सांभाळतो. उत्तरेला महाकॉकेशसची बर्फाच्छादित रांग, मध्ये त्सिव-गोंबोरीची बुटकी रांग, आणि या दोहोंच्या मधून आग्नेयेकडे वाहत जाणारी अलाझानी नदी. या अलाझानीचे खोरे म्हणजे आतली काखेती. गोंबोरीच्या पलीकडे, इओरी नदीच्या बाजूला असलेला, तुलनेने कोरडा भाग म्हणजे बाहेरची काखेती. तेलावी हे मुख्य शहर गोंबोरीच्या उतारावर वसले आहे. तेथे सकाळी उभे राहिले की समोर सपाट हिरवे खोरे आणि त्यापलीकडे एकदम उभी राहिलेली पर्वताची भिंत दिसते. ही भिंत उत्तरेकडचे बोचरे वारे अडवते, म्हणून सुमारे ४२ अंश उत्तर अक्षांशावर असूनही येथे उन्हाळा चांगला तापतो आणि उशिरा पिकणारे द्राक्षही पूर्ण पिकते. त्याच वेळी संध्याकाळ झाली की पर्वतावरची थंड हवा उतारांवरून खोऱ्यात उतरू लागते. दिवसा साखर तयार व्हावी आणि रात्री वेलीने श्वासोच्छ्वासात ती व आम्ल फार जाळू नये, अशी ही व्यवस्था आहे.

परंतु थंड रात्री तर नाशिकलाही असतात. जानेवारीत पारा आठ-दहा अंशांवर येणे आपल्याला नवीन नाही. मग फरक कुठे पडतो, या प्रश्नाने मला दोन्ही हंगामांत फार छळले, आणि माझे उत्तर असे आहे की फरक तापमानाच्या आकड्यापेक्षा त्याच्या दिशेत आहे. आपल्याकडे ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, म्हणजे घड येण्यासाठीची छाटणी, होते, मण्यांत पाणी उतरते (म्हणजे ते मऊ होऊन पिकू लागतात) ते साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारीत, आणि साखर चढत असताना प्रत्येक आठवडा आधीच्या आठवड्यापेक्षा उबदार होत जातो. लवकर येणारी जात असेल तर ती जानेवारीच्या थंडीचा लाभ घेऊन निसटते. उशिराची जात फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सापडते. काखेतीत मण्यांत पाणी उतरते ते ऑगस्टमध्ये, कडक उन्हाळ्यात. त्यानंतरचा प्रत्येक आठवडा आधीच्यापेक्षा थंड होत जातो, आणि सापेरावीची तोडणी सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत चालते. म्हणजे आपल्याकडे द्राक्ष चढत्या उन्हात पिकते, तिथे उतरत्या उन्हात. मण्यातील दोन मुख्य आम्लांपैकी मॅलिक आम्ल उष्णतेत वेगाने जळते, टार्टरिक त्यामानाने टिकून राहते. उतरत्या उन्हात मॅलिकचाही बराच अंश शेवटपर्यंत शिल्लक राहतो. शिवाय ३५ अंशांच्या वर तापमान गेले की सालीत अँथोसायनिन तयार होण्याचे काम मंदावते. काखेतीत ही वेळ येते ती रंग भरण्याच्या सुरुवातीला, आणि पुढे भरपाईला पाच-सहा आठवडे मिळतात. आपल्याकडे ती शेवटी येते, आणि मग भरपाईला वेळ उरत नाही.

उशिरा पिकणे हा सापेरावीचा स्वभाव आहे आणि तो तिच्या आम्लतेशी जोडलेला आहे. इथे मी स्वतः केलेली एक चूक सांगतो. पहिल्या हंगामात माझ्याकडे एका छोट्या प्लॉटवर तोडणीचा दिवस ठरवण्याचे काम होते. मण्यांचा रंग कधीच पूर्ण काळा झाला होता, ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे माप, २३ दाखवत होते, आणि आपल्याकडच्या सवयीने मला आता थांबणे धोक्याचे वाटू लागले. मी तोडणी सुचवली. बागेच्या वृद्ध मालकांनी काही न बोलता एक मणी तोंडात टाकला, बी चावले आणि हिरवट, कडू लागलेले ते बी माझ्या तळहातावर ठेवले. तोडणी अकरा दिवसांनी झाली. तोपर्यंत बी तपकिरी व खुटखुटीत झाले होते, साखर दीड-दोन अंशांनी वाढली होती, आणि आम्लता मला भीती वाटत होती तितकी उतरली नव्हती. रंगारी द्राक्षात रंग पाहून पक्वता ठरवता येत नाही, कारण त्याचा रंग सर्वांत आधी पूर्ण होतो. आणि आम्लता टिकून राहत असल्यामुळे थांबण्याची मुभा मिळते. ही मुभा म्हणजेच काखेतीच्या शरदाची देणगी. नाशिकला अकरा दिवस थांबलो असतो, तर मनुके तोडावे लागले असते.

खोऱ्याच्या दोन तीरांमध्येही फरक आहे, आणि तो जाणणाऱ्याला बाटलीवरचे नाव वाचता येते. जॉर्जियात वाईनला बहुधा गावाचे नाव लागते. अलाझानीच्या उजव्या तीरावर, गुर्जानीच्या परिसरातील ‘मुकुझानी’ ही कोरडी, ओकच्या पिंपांत मुरवलेली सापेरावी आहे; भारदस्त आणि सावकाश खुलणारी. डाव्या तीरावरची ‘नापारेउली’ मला नेहमी जराशी सडपातळ आणि सुगंधी वाटते. डाव्या तीरावरच, क्वारेलीजवळ, दुरुजी नावाची नदी कॉकेशसमधून काळ्या पाटीच्या दगडाचा गाळ आणून टाकते. या काळ्या, निचऱ्याच्या, दिवसा तापणाऱ्या जमिनीवर ‘किंद्झमाराउली’ होते. ही पारंपरिकपणे निमगोड वाईन आहे. तिच्यात साखर वरून घालत नाहीत. आंबवण चालू असतानाच वाईन थंड करून यीस्टचे काम थांबवले जाते आणि द्राक्षाची काही नैसर्गिक साखर तशीच राहते. निमगोड लाल वाईन म्हटले की पुष्कळ जाणकार नाक मुरडतात. मीही त्यांतलाच होतो. पण सापेरावीच्या आम्लतेपुढे ती साखर चिकट लागत नाही. पिकलेल्या जांभळावर मीठ टाकल्यासारखा तोल साधला जातो. बाहेरच्या काखेतीतील खाश्मी गावाची सापेरावीही नामांकित आहे. भाच्याने आणलेल्या बाटलीवर यांपैकी कोणते नाव आहे ते पाहावे. नुसते ‘सापेरावी’ असेल, तर द्राक्षे खोऱ्याच्या कोणत्याही भागातली असू शकतात.

क्वेव्रीविषयी लिहिल्याशिवाय काखेतीचे वर्णन पुरे होत नाही. क्वेव्री म्हणजे तळाशी निमुळता, अंड्याच्या आकाराचा मातीचा रांजण. काही शे लिटरांपासून काही हजार लिटरांपर्यंतचा. कुंभार तो चाकावर फिरवून घडवीत नाही, मातीच्या वळ्या थरावर थर चढवीत जातो, आणि खालचा थर सुकून वजन पेलू लागेपर्यंत वरचा थर चढवता येत नाही, म्हणून एका मोठ्या रांजणाला आठवडेच्या आठवडे लागतात. तेलावीजवळचे वर्दिसुबानी हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. भाजलेल्या रांजणाला आतून मधमाश्यांच्या मेणाचा पातळ लेप देतात आणि तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात. ज्या खोलीत असे रांजण पुरलेले असतात तिला मारानी म्हणतात, आणि बाहेरच्या माणसाला तिथे जमिनीत फक्त गोल तोंडे दिसतात. २०१३ मध्ये युनेस्कोने क्वेव्री पद्धतीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

या रांजणाचे काम समजून घेण्यासारखे आहे. द्राक्षे चुरून रस, साली, बिया आणि कधी देठांसह सर्व काही त्यात टाकतात. या चोथ्याला ‘चाचा’ म्हणतात, आणि त्यापासून काढलेल्या दारूलाही तेच नाव आहे. आंबवण सुरू झाले की साली वर तरंगून त्यांचा थर बनतो. तो दिवसातून तीन-चार वेळा काठीने खाली दाबावा लागतो, नाहीतर वरचा थर कोरडा पडून त्याला व्हिनेगरचा वास धरतो. भोवतालची जमीन आंबवणाची उष्णता शोषून घेते आणि नंतर हिवाळाभर वाईनला एकसारख्या थंडाव्यात ठेवते. बिया जड असल्यामुळे निमुळत्या तळाशी जातात, त्यांच्यावर यीस्टचा गाळ बसतो, आणि बियांतला कडवट तुरटपणा वाईनमध्ये फारसा उतरत नाही. काखेतीत पांढऱ्या द्राक्षाची वाईन सालींवर पाच-सहा महिने ठेवतात. सापेरावीला मात्र बहुतेक जण इतका वेळ ठेवीत नाहीत. तिला रंगासाठी सालींची फार मनधरणी करावी लागत नाही, म्हणून जाणता माणूस आंबवण संपत आले की लवकर दाबून घेतो आणि तुरटपणाला लगाम घालतो. आंबवणाच्या तंत्रात रंगारी द्राक्षाचा हा सर्वांत मोठा फायदा आहे आणि तो फारसा कोणी बोलून दाखवीत नाही. शिराझमध्ये रंग हवा असेल, तर तुरटपणाही पदरात घ्यावा लागतो; सापेरावीमध्ये दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी वेगळ्या ठरवता येतात.

जॉर्जियात वाईनचा इतिहास फार जुना आहे. तिब्लिसीच्या दक्षिणेकडील गादाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा येथे सापडलेल्या मडक्यांत इसवी सनापूर्वी सुमारे ६००० ते ५८०० या काळातील द्राक्ष-वाईनचे रासायनिक अंश मिळाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ती मडकी काखेतीतली नाहीत, आणि त्यांत सापेरावी होती असे म्हणायला काही आधार नाही. बाटल्यांवरच्या जाहिराती हे भेद पुसून टाकतात, म्हणून मुद्दाम नोंदवतो. पुढे एकोणिसाव्या शतकात कवी आणि सरदार अलेक्सांद्रे चवचवाद्झे यांनी त्सिनंदाली येथील आपल्या वाड्यात युरोपीय पद्धतीने वाईन भरण्यास सुरुवात केली, आणि क्वेव्रीच्या जोडीला पिंप आले. सोव्हिएत काळात देशातील पाचशेहून अधिक देशी जातींपैकी मूठभरच मोठ्या प्रमाणावर लावल्या गेल्या. त्यांत पांढऱ्यांमध्ये र्कात्सितेली आणि काळ्यांमध्ये सापेरावी या प्रमुख होत्या. त्यामुळे सापेरावी टिकली खरी, पण ती वजनावर मोजली गेली, आणि भरघोस पाणी व भरघोस उत्पन्न या धोरणात तिची प्रत उतरली. १९८५ मध्ये गोर्बाचोव्ह यांच्या दारूविरोधी मोहिमेत अनेक बागा उपटल्या गेल्या. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियन वाईनवर बंदी घातली, तेव्हा त्या देशाची मुख्य बाजारपेठ एका फटक्यात गेली. ही बंदी २०१३ पर्यंत चालली. त्या सात वर्षांत उत्पादकांना अधिक चोखंदळ गिऱ्हाइकांकडे जावे लागले, उत्पन्न कमी करून प्रत वाढवावी लागली, आणि आज आपण जी सापेरावी चाखतो ती पुष्कळशी त्या कठीण काळात घडलेली आहे. नामांकित क्षेत्रांत हेक्टरी उत्पन्नाला साधारण आठ-दहा टनांची मर्यादा असते, म्हणजे एकरी तीन ते चार टन. खाण्याच्या द्राक्षाचे एकरी दहा-बारा टन काढणाऱ्या आपल्या बागायतदाराने हा आकडा आधी मनात नीट बसवावा.

जॉर्जियाबाहेर सापेरावी जिथे रुजली, तिथली यादीही तिचा स्वभाव सांगते. मोल्दोवा, युक्रेन आणि दक्षिण रशियात ती पूर्वीपासून आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील फिंगर लेक्स भागात ती प्रथम आणली ती युक्रेनमध्ये जन्मलेले द्राक्षतज्ज्ञ डॉ. कॉन्स्टँटिन फ्रँक यांनी, आणि तिथला गोठवणारा हिवाळा ती सोसते. काही ऑस्ट्रेलियन उत्पादकांनीही ती लावली आहे. थंडी सोसणे आणि रंग देणे या दोन गुणांसाठी संकरातही तिचा वापर झाला. क्रिमियातील ‘बास्तार्दो मागाराच्स्की’ आणि अधिक थंडी सोसणारी ‘सापेरावी सेवेर्नी’ ही तिचीच लेकरे. ऑस्ट्रेलियाचा काही भाग सोडला, तर ही बहुतेक ठिकाणे अशी आहेत की जिथे हिवाळ्यात वेल खरोखर झोपी जाते.

इथे आपला चौथा प्रश्न येतो. दोन एकरांवर सापेरावी लावावी का? माझा सल्ला नकाराचा आहे आणि त्याची कारणे सांगतो, कारण नुसता नकार कुणाच्या उपयोगाचा नसतो. आपल्याकडे वेलीला नैसर्गिक सुप्तावस्था मिळत नाही. एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्या घेण्यासाठीची छाटणी, आणि ऑक्टोबरची फळछाटणी करून, डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइड लावून, आपण वेलीचे वर्ष हाताने घडवतो. थॉमसन सीडलेसने आणि शिराझने हे स्वीकारले आहे. कडक हिवाळ्याची सवय असलेल्या जातीचे डोळे या पद्धतीत किती एकसारखे फुटतील आणि खरड छाटणीनंतर काड्यांत घडनिर्मिती कशी होईल, हे प्रत्यक्ष लावल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही, आणि असा प्रयोग दोन एकरांवर कर्ज काढून करण्याचा नसतो. दुसरे कारण पक्वतेचा काळ. सापेरावी उशिराची असल्यामुळे तिची साखर भरण्याची वेळ आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात येईल, आणि ज्या आम्लतेसाठी तिला आणायचे तीच आम्लता तिथे खर्ची पडेल. रंग बहुधा मिळेलच. तो तर पुसा नवरंगही देते. तिसरे कारण जमीन आणि खत. पालाश, म्हणजे पोटॅशियमचे खत, भरपूर देण्याची आपली सवय खाण्याच्या द्राक्षासाठी योग्य आहे, पण वाईनच्या द्राक्षात जास्तीचे पोटॅशियम टार्टरिक आम्लाशी बांधले जाते आणि पीएच वर चढवते. शिवाय ही जात भुरी आणि डाउनी या दोन्ही रोगांना बळी पडते, आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस आपल्याला सोडत नाही. काखेतीतही मे-जूनच्या पावसात त्यांना फवारणी चुकत नाही, आणि गारपिटीचे भय तर त्यांना आपल्याइतकेच असते.

तरीही कुतूहल असेल, आणि ते असावे, तर मार्ग आहे. वायनरीशी खरेदीचा करार नसताना वाईनची कोणतीही जात लावू नये, हे आधी पक्के करावे. त्यानंतर वनस्पती विलगीकरणाचे नियम पाळून, परवान्याने, संशोधन केंद्राच्या माध्यमातून काड्या आणणे हा एकच रस्ता मला योग्य वाटतो. भाच्याला बॅगेत चार काड्या घेऊन यायला सांगण्याचा मोह होईल; तो कटाक्षाने टाळावा. फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या, त्या अशाच हौसेने एका खंडातून दुसऱ्या खंडात गेलेल्या रोपांमुळे. काड्या रीतसर आल्याच, तर पाचपन्नास वेली डॉगरिज आणि ११० आर अशा दोन वेगळ्या खुंटांवर कलम करून पाहाव्यात. फळछाटणी शक्य तितकी लवकर, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला, करून जानेवारीची थंडी पकडता येते का ते तपासावे. त्यासाठी पावसात कोवळी फूट वाचवण्याची तयारी लागेल. जागा निवडायची झाल्यास दिंडोरीच्या सखल भागापेक्षा उंचावरची, वाऱ्याची, पाण्याचा निचरा होणारी मुरमाड जमीन पाहावी. आणि रस पहिल्यांदा मिळेल तेव्हा रंगाकडे पाहून हुरळून न जाता आम्लता आणि पीएच मोजावा. साखर २३ ब्रिक्सवर असताना रसाचा पीएच ३.५ च्या आत राहिला, तर मला अवश्य कळवावे. मी स्वतः बाग पाहायला येईन.

राहिला प्रश्न त्या उघडलेल्या बाटलीचा. सापेरावी फ्रिजमधून काढल्या काढल्या पिऊ नये आणि आपल्या घरातल्या तीस अंशांवरही पिऊ नये. १६ ते १८ अंशांवर, म्हणजे फ्रिजमधून काढून काही वेळ बाहेर ठेवल्यावर, ती उत्तम लागते. तरुण वाईन असेल तर तासभर आधी मोठ्या तोंडाच्या भांड्यात ओतून ठेवावी, म्हणजे तुरटपणाची धार कमी होते. नुसती पिताना जो आंबटपणा आपल्याला खटकला, तो मटणासोबत खटकणार नाही. काखेतीत छाटणीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यांच्या निखाऱ्यावर सळईला लावलेले मांस भाजतात, त्याला म्त्स्वादी म्हणतात, आणि त्यासोबत हीच काळी वाईन असते. आपल्या बांधावर खरड छाटणीच्या काड्यांचा ढीग दरवर्षी पडतोच. भाचा पुन्हा येईल तेव्हा त्याला काड्यांऐवजी मुकुझानीची एक बाटली आणायला सांगावी, आणि मसाला जरा हलका ठेवून, त्या निखाऱ्यावर मटण भाजून, तिच्यासोबत खाऊन पाहावे.